घरच्या संगणकावर सामायिक नोंदवही

(अनगोळ, बेळगाव येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘ब्लॉकचेन’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेला असेल. परंतु तो बहुधा पैशाच्या संदर्भातच ऐकू येतो. कोणी तरी भेटतो, बिटकॉइनमध्ये पैसे घाला, वर्षात दुप्पट होतील असे सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात मोह व भीती दोन्ही एकदम उत्पन्न होतात. आजच्या भाषणात पैसे कसे मिळवावेत हा विषय नाही. या शब्दामागे एक नोंदवही आहे. ही वही घरच्या साध्या संगणकावर कशी ठेवता येते, ती ठेवल्याने काय साधते, आणि काय साधत नाही, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार आपणापुढे मांडावयाचा आहे.

नोंदीची चिंता जुनीच आहे

लिहून ठेवलेली नोंद पुढे कोणी बदलू नये, ही चिंता माणसाला संगणक येण्यापूर्वी शेकडो वर्षांपासून आहे. जुने मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की, मजकूर लांब असला म्हणजे एकाखाली एक कागद चिकटवून लांब गुंडाळी करीत, आणि कागदांच्या जोडावर शिक्का उमटवीत. मधला एक कागद काढून दुसरा बसवावयाचा झाल्यास वरचा आणि खालचा असे दोन्ही शिक्के तुटत. मजकूर संपला तेथे शेवटचा शिक्का असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते, ती याचसाठी. तिच्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये, हा तिचा अर्थ.

दुसरी युक्ती साक्षीदारांची होती. गोतसभेचा निवाडा झाला की महजर लिहीत आणि त्यावर पाटील नांगराची, तर बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. तिसरी युक्ती दवंडीची. चावडीत ठरलेली गोष्ट दवंडी पिटून गावभर सांगितली की सारे गावच साक्षीदार होई. एखाद्याने कागद फाडला तरी शंभर माणसांची आठवण कोण फाडणार?

जोडावरचा शिक्का, अनेकांची साक्ष आणि सर्वांना दवंडी, या तीन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात. ब्लॉकचेनमध्ये याहून निराळे मूलतत्त्व नाही. या तिन्ही गोष्टी गणिताच्या साहाय्याने एकत्र आणल्या आहेत, इतकेच.

आपल्या जमिनीच्या कागदाकडे पाहू. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे पहाणी पत्रकाला आपल्याकडे अजूनही ‘उतारा’ म्हणण्याची सवय आहे. हा उतारा पूर्वी हाताने लिहिला जाई आणि मूळ वही एका कर्मचाऱ्याच्या ताब्यात असे. ‘भूमी’ प्रकल्पात कर्नाटक शासनाने सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तालुक्याच्या ठिकाणी छापील उतारा मिळू लागला आणि फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बोटाचा ठसा संगणकाने तपासण्याची सोय झाली. ही सुधारणा लहान नव्हती. तथापि वही हाताची असो वा संगणकाची, ती एकाच रखवालदाराजवळ राहते. त्या रखवालदारावर विश्वास ठेवावा लागतो, आणि सामान्य मनुष्याला वही स्वतः पडताळून पाहता येत नाही. अनगोळसारख्या गावाचा शहरात समावेश झाला, शिवाराचे भूखंड पडले, एकेका सर्व्हे नंबरावर अनेकांची नावे चढली. अशा ठिकाणी कागदाच्या एका ओळीची किंमत काय असते, हे आपणास सांगण्याची गरज नाही.

वहीची रचना

आता या नव्या वहीची रचना पाहू. तिचे पहिले अंग म्हणजे संगणकीय ठसा. कोणताही मजकूर, मग तो एक शब्द असो की हजार पानांचे पुस्तक, एका ठरावीक गणिती कृतीतून काढला की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. या कृतीचे नाव ‘एसएचए-२५६’ असे आहे. तोच मजकूर पुन्हा घातला तर तीच ओळ मिळते. परंतु एक काना जरी कमीजास्त झाला तरी सारी ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. ठशावरून उलट मजकूर काढता येत नाही. भाषा कानडी असो, मराठी असो वा मोडी लिपीतील कागदाचे छायाचित्र असो, या कृतीला सर्व सारखेच.

दुसरे अंग साखळीचे. वहीच्या प्रत्येक पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाचा ठसा लिहिलेला असतो. जुने एखादे पान बदलले की त्याचा ठसा बदलतो, मग पुढील पानावर लिहिलेला ठसा जुळत नाही, आणि तेथून शेवटापर्यंत सारी साखळी तुटलेली दिसते. जोडावरचा शिक्का तो हाच.

तिसरे अंग प्रतींचे. ही वही एका कचेरीत नसून जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या पूर्ण प्रती आहेत. नवे पान तयार झाले की ते एकाकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक संगणक ते पान आधी स्वतः तपासतो, आणि मगच आपल्या प्रतीला जोडतो. उद्यमबागेतील कारखान्यात गेज लावून नग तपासणारा कामगार हा नग कोणत्या यंत्रावर झाला, कोणी केला, हे विचारीत नाही. मापात बसला तर घेतो, नाही तर बाजूला टाकतो. घरचा संगणकही तसाच वागतो. पान कोणा बड्या कंपनीकडून आले म्हणून तो ते स्वीकारीत नाही.

नवे पान लिहिण्याचा मान कोणाला, हा प्रश्न उरतो. बिटकॉइनच्या वहीत त्यासाठी एक अवघड गणिती कोडे सोडवावे लागते. सरासरीने दर दहा मिनिटांस कोणी तरी ते सोडवितो व एक पान जोडतो. जुने पान बदलू पाहणाऱ्याला त्या पानापासून पुढची सारी कोडी पुन्हा सोडवावी लागतील, आणि तीही साऱ्या जगाच्या पुढे धावत. म्हणून पान जितके जुने तितके ते अधिक पक्के.

या कल्पनेचा उगम समजून घेण्यासारखा आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर गणिताने तारखेची मोहोर उमटविण्याची पद्धत मांडली. १९९५ पासून अशा ठशांचा एकत्रित ठसा अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात छोट्या जाहिरातीच्या रूपाने छापला जाऊ लागला. जमीन घेण्यापूर्वी आपण वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, त्यातलाच हा प्रकार. छापून घरोघर गेलेला अंक परत गोळा करून बदलणे कोणाला शक्य नाही. पुढे ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. वहीच्या पहिल्या पानावर ३ जानेवारी २००९ ही तारीख असून त्याच दिवसाच्या लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकाचा मथळा त्यात नोंदलेला आहे. मथळा आधी ठाऊक असणे शक्य नव्हते, म्हणून हे पान त्या तारखेपूर्वीचे नाही, हे सिद्ध होते.

घरी काय लागते

अशा वहीची पूर्ण प्रत ठेवून ती तपासणाऱ्या व इतरांना पुरविणाऱ्या संगणकाला ‘नोड’ म्हणतात. मागणाऱ्याला सेवा देतो या अर्थाने तो सर्व्हरच होय. सर्व्हर म्हटले की थंड खोलीतील मोठी कपाटे डोळ्यांसमोर येतात. येथे त्यांची गरज नाही. गेल्या काही वर्षांतील साधा टेबलावरचा संगणक पुरतो. आठ गिगाबाइट स्मरणशक्ती असावी. मात्र साठवणुकीकडे नीट लक्ष द्यावे. बिटकॉइनची संपूर्ण वही आज ६०० गिगाबाइटांहून मोठी आहे. एक पान सरासरीने दीड मेगाबाइटाचे धरले, तर दिवसाची १४४ पाने म्हणजे २१६ मेगाबाइट, आणि वर्षाचे सुमारे ७९ गिगाबाइट होतात. म्हणून निदान एक टेराबाइटाची, शक्य तर दोन टेराबाइटांची चकती घ्यावी. ती फिरत्या तबकडीची नसून एसएसडी प्रकारची असावी. जुन्या तबकडीवर हेच काम कित्येक आठवडे रेंगाळते.

एवढी जागा नसेल तरी निराश होण्याचे कारण नाही. ‘प्रून’ म्हणजे छाटणी नावाची एक सोय आहे. तीत संगणक पहिल्या पानापासून प्रत्येक पान तपासतो, परंतु तपासून झालेली जुनी पाने टाकून देतो. पंचवीस-तीस गिगाबाइट मोकळी जागा ठेवली तर भागते. अशा संगणकाला इतरांस जुनी पाने पुरविता येत नाहीत, पण स्वतःपुरती तपासणी तो पूर्ण करतो.

विजेचा हिशेब आधीच मांडावा. ६० वॅटचा संगणक रात्रंदिवस चालला तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते. १५ वॅटच्या लहान संगणकाला महिन्याला ११ युनिटांहूनही कमी लागते. कर्नाटकात २०२३ पासून सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराची मोफत युनिटांची मर्यादा मागील वापराच्या सरासरीवरून ठरते. तेव्हा हा वाढीव वापर त्या मर्यादेत बसतो की नाही हे पाहूनच यंत्र चालू ठेवावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज अवचित जाते. पान लिहिले जात असताना संगणक बंद पडला तर साठा बिघडू शकतो, आणि सारी वही पुन्हा तपासण्यात दिवसच्या दिवस जातात. यास्तव यूपीएस ही येथे चैनीची वस्तू मानू नये.

उभारणीचा क्रम

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत अधिक वापरला जाणारा कार्यक्रम ‘बिटकॉइन कोर’ हा होय. तो विनामूल्य आहे आणि त्याची घडण कोणासही पाहण्यास खुली आहे.

पहिली पायरी. कार्यक्रम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून किंवा ओळखीच्याने दिलेल्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये.

दुसरी पायरी, आणि ही कोणीही गाळू नये. उतरवलेल्या फाइलचा ठसा काढून तो संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी जुळवावा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ व लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा त्यासाठी आहे. ठशांच्या यादीवर कार्यक्रम घडविणाऱ्यांच्या संगणकीय सह्या असतात. जाणकाराच्या मदतीने त्याही तपासाव्यात. आपण वही ठेवतो ती दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहू नये म्हणून. तेव्हा पहिलेच पाऊल आंधळ्या विश्वासाने टाकणे योग्य नव्हे.

तिसरी पायरी. कार्यक्रम प्रथम उघडताच तो वही कोठे ठेवावयाची हे विचारतो. तेथे मोठ्या चकतीवरील जागा दाखवावी. छाटणी हवी की नको, हेही त्याच वेळी ठरवावे.

चौथी पायरी धीराची. संगणक इतर नोडांशी जोडला जातो आणि २००९ पासूनचे एकेक पान आणून तपासू लागतो. चांगली चकती व वेगवान इंटरनेट असेल तर एक ते तीन दिवस, नाही तर त्याहून बराच अधिक काळ लागतो. ६०० गिगाबाइटांहून अधिक माहिती येणार असल्याने आपल्या जोडणीची मासिक मर्यादा आधी पाहून घ्यावी. मोबाइलच्या डेटावर हे काम करू नये.

पाचवी पायरी जोडणीची. नोड स्वतः होऊन बाहेरच्या दहा नोडांशी संबंध ठेवतो. त्याला दरवाजे उघडावे लागत नाहीत. इतरांनी आपल्याकडे यावे अशी इच्छा असेल तर राउटरमध्ये ८३३३ क्रमांकाचे द्वार उघडावे लागते. काही कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा घरी बाहेरून कोणी येऊ शकत नाही, तरी आपले काम अडत नाही. मात्र ८३३२ हे द्वार कार्यक्रमाच्या नियंत्रणाचे आहे. ते बाहेरच्या जगास कधीही उघडू नये. घराची पडवी पाहुण्यांसाठी असते, तिजोरीची खोली नसते.

सहावी पायरी रोजच्या शिस्तीची. संगणक बंद करताना कार्यक्रम प्रथम रीतसर बंद होऊ द्यावा आणि मगच वीज तोडावी. नवी आवृत्ती आली की पुन्हा ठसा जुळवूनच ती बसवावी. इंटरनेटवर ताण पडत असल्यास दिवसाला किती माहिती बाहेर जाऊ द्यावयाची याची मर्यादा कार्यक्रमातच घालता येते.

या साऱ्या क्रमात एक रुपयाचेही बिटकॉइन विकत घ्यावे लागत नाही. वही ठेवण्याचा आणि तीत दर्शविलेले चलन बाळगण्याचा काही एक संबंध नाही. नोड ठेवण्याबद्दल मोबदलाही मिळत नाही. कोडे सोडविणाऱ्यास मिळते ते बक्षीस एप्रिल २०२४ पासून प्रत्येक पानामागे ३.१२५ बिटकॉइन असे आहे. परंतु त्यासाठी खास यंत्रांची कोठारे उभारली जातात, आणि घरच्या संगणकाने त्यांच्या शर्यतीत उतरणे म्हणजे विजेचे बिल वाढविणे होय.

याचा उपयोग काय

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे.

एक उपयोग तारखेच्या मोहोरेचा. ‘ओपनटाइमस्टॅम्प्स’ नावाची एक विनामूल्य पद्धत आहे. समजा, ग्रामसभेचे इतिवृत्त सह्या होऊन तयार झाले, किंवा शाळेच्या दाखलानोंदवहीच्या पानांची छायाचित्रे काढली. त्या फाइलीचा ठसा या पद्धतीने पाठविला की तो इतर असंख्य ठशांबरोबर एकत्र होऊन काही तासांत बिटकॉइनच्या एखाद्या पानात बद्ध होतो आणि आपल्याला एक लहानशी पावती-फाइल मिळते. मूळ फाइल व पावती दोन्ही जपून ठेवाव्यात. पुढे वीस वर्षांनी वाद उत्पन्न झाला, तर ज्याच्या घरी नोड आहे असा कोणीही मनुष्य, कोणत्याही कचेरीत न जाता, ही फाइल त्या पानाच्या काळापूर्वी अशीच अस्तित्वात होती हे पडताळू शकतो. छाटणी केलेला नोडही त्यास चालतो. बाहेर जातो तो ठसा. मजकूर आपल्याजवळच राहतो.

या बाबतीत शिक्षकांनी दोन सूचना ध्यानी घ्याव्यात. पहिली, ठसा जुळण्यासाठी फाइल जशीच्या तशी असावी लागते. तेच पान पुन्हा स्कॅन केले तर डोळ्यांना सारखे दिसते, पण ठसा निराळा येतो. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. कागदावर फरक दिसत नाही, ठशात मात्र सारे बदलते. दुसरी सूचना अशी की, मोबाइल क्रमांकासारख्या लहान माहितीचा ठसा गुप्त राहतो असे समजू नये. दहा अंकी सारे क्रमांक एकेक करून घालून पाहणे संगणकास मुळीच कठीण नाही.

अधिकारी मंडळींसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार संगणकीय अभिलेख पुराव्यात सादर करताना जे प्रमाणपत्र जोडावयाचे असते, त्याच्या नमुन्यातच अभिलेखाचा ठसा व तो कोणत्या कृतीने काढला हे लिहावयाचे आहे. म्हणजे ठसा काढणे हा आता छांदिष्टांचा खेळ राहिलेला नसून कार्यालयीन कामाचा भाग झाला आहे. तारखेची मोहोर या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ती त्याला बळकटी देऊ शकते.

दुसरा उपयोग दाखल्यांचा. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनशी जोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दाखला खरा की बनावट, हे पाहणाऱ्याला लगेच कळावे, हा त्याचा हेतू. शहरापासून दूर, वनांच्या प्रदेशात हा प्रयोग व्हावा ही गोष्ट आपल्याला उमेद देणारी आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरू येथे ब्लॉकचेनसाठी विशेष केंद्र उघडले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वास्य’ या नावाची व्यवस्था जाहीर झाली, आणि तिचे संगणक भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील केंद्रांत आहेत. मात्र येथे एक भेद लक्षात ठेवावा. बिटकॉइनची प्रत कोणीही घरी ठेवू शकतो. शासकीय वहीच्या प्रती शासनाने नेमलेल्या केंद्रांतच राहतात. दोहोंना एकच नाव असले तरी पडताळणीचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी निराळा विचारावा लागतो.

वही काय करू शकत नाही

आता मर्यादा. ही वही लिहिलेले राखते. लिहिलेले खरे आहे की खोटे, हे तिला कळत नाही. तलाठ्यापुढे खोटा वारसा मांडला, तो मंजूर झाला आणि ती नोंद साखळीत गेली, तर खोटेपणाच कायमचा पक्का होईल. हद्दीवरचा दगड सरकविला तर संगणकाला दिसत नाही. तो पाहण्यासाठी मोजणीदाराने शेतात जावे लागते आणि शेजारच्या म्हाताऱ्याने खरे बोलावे लागते. तारखेची मोहोर फाइल कधी होती हे सांगते. ती कोणी केली, कोणत्या हेतूने केली, हे सांगत नाही. तेव्हा नोंद करणाऱ्या माणसाचा प्रामाणिकपणा आणि नोंद वाचणाऱ्या माणसाची जागरूकता, या दोन गोष्टींना पर्याय निघालेला नाही.

आणि शेवटी फसवणुकीविषयी. बिटकॉइनच्या नावाने देशभर पैसे गोळा झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात दरमहा १० टक्के असा १८ महिने परतावा देण्याचे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यातील मुख्य आरोपीस अटक केली. दरमहा १० टक्के म्हणजे अठरा महिन्यांत १८० टक्के. भिशी चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा, इतका पैसा येतो कोठून, हा पहिला प्रश्न ती करील. २०२२ पासून अशा व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के आयकर आहे. परंतु कर लावला म्हणजे सरकारने त्या व्यवहाराची हमी घेतली, असा त्याचा अर्थ नाही. ‘तुमच्या संगणकावर आमचा सर्व्हर बसवा, दरमहा उत्पन्न मिळेल, आधी अनामत भरा’ असे सांगणारा भेटला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

माझी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. प्रत्येक घरी नोड असावा असे मी म्हणणार नाही. तशी आवश्यकता नाही. परंतु एखाद्या माध्यमिक शाळेच्या किंवा वाचनालयाच्या जुन्या संगणकावर नवी चकती बसवून मुलांकडून तो उभारून घेता येईल. शाळेच्या मैदानावर मुलांना एका ओळीत बसवून प्रत्येकाने मागच्याचा ठसा लिहावयाचा, आणि मग मधल्या एकाचा एक शब्द बदलून पाहावयाचा, असा खेळ केला तर सातवीच्या मुलालाही ही साखळी समजेल. असे समजलेले मूल पुढे मोठे होऊन फसव्या योजनेत पैसे घालणार नाही, आणि आपल्या शेताचा उतारा हाती पडला की तो न वाचता घडी करून ठेवणार नाही.

नोंद कोणाजवळ आहे, तिची प्रत मला मिळते काय, आणि ती मी स्वतः तपासू शकतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक नागरिकाने प्रत्येक वहीला विचारावेत, मग ती वही चावडीतील असो, पतपेढीतील असो वा साऱ्या जगात पसरलेली असो. घरच्या संगणकावरील हा प्रयोग त्या सवयीचा अभ्यास आहे, असे मला वाटते.